‘ग्लॅड’ म्हणजे ‘बरं वाटलं’

(वर्धापनदिनानिमित्त मंडळात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानासाठी चिटणीसबाईंनी माझ्याकडे विषय मागितला, तेव्हा मी म्हटले, “एका इंग्रजी शब्दावर बोलेन.” त्या म्हणाल्या, “एकाच शब्दावर पाऊण तास?” त्यांची शंका रास्त होती. मंडळात यापूर्वी आहारावर व्याख्याने झाली, बचतीवर झाली, मृत्युपत्रावरही झाली. त्या मानाने एक शब्द म्हणजे फारच किरकोळ ऐवज. परंतु शब्द हीसुद्धा घरात रोज हाताळली जाणारी वस्तू आहे. ती कशासाठी आहे हे ठाऊक नसले, तर चिमट्याने भाजी ढवळण्यासारखा प्रकार होतो. भाजी ढवळली जाते, पण चिमट्याचे काम काय ते कळत नाही.

आपल्या मंडळात दर बुधवारी दुपारी इंग्रजी संभाषणाचा वर्ग भरतो. तो मी घेते. वर्गाला येणाऱ्या बहुतेक भगिनी पन्नाशीच्या पुढच्या. कोणाला परदेशी असलेल्या जावयाशी बोलायचे असते, कोणाला नातवंडांच्या शाळेत बाईंसमोर गप्प बसायचे नसते, तर कोणाला नुसतीच हौस. या वर्गात माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. मनाला जे काही चांगले वाटेल, त्या सर्वांसाठी आपण एकच शब्द वापरतो, तो म्हणजे ‘हॅपी’. पाहुणे आले, हॅपी. ताप उतरला, हॅपी. हरवलेली किल्ली सापडली, तरी हॅपी. इंग्रजीत मात्र या तिन्ही ठिकाणी जो शब्द सहज ओठांवर येतो तो दुसराच आहे. तो शब्द म्हणजे ‘ग्लॅड’. आज मला याच शब्दाविषयी बोलायचे आहे.

हा घोटाळा आपल्या अज्ञानामुळे होतो असे मात्र नव्हे. शब्दकोश उघडला तर ग्लॅड, हॅपी, प्लीज्ड, डिलाइटेड या सर्वांपुढे आनंदी, आनंदित, हर्षित, संतुष्ट अशी आळीपाळीने तीच नावे दिसतात. इंग्रजी-मराठी कोशांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मोल्सवर्थ यांनी आरंभलेला आणि कँडी यांनी पुरा केलेला मोठा इंग्रजी-मराठी कोश 1847 साली निघाला. पुढे आपल्या वडीलधाऱ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतरमालेवरून इंग्रजी गिरवले. कोशकारांचा दोष नाही. कोश शब्दाचा अर्थ सांगतो, पण तो शब्द कोणत्या वेळी, कोणापाशी आणि कोणत्या सुरात काढायचा, हे त्याला एका ओळीत सांगता येत नाही. ते बोलणाऱ्यांकडूनच शिकावे लागते.

प्रथम या शब्दाचे कुळ पाहू.

इंग्लंडमध्ये आज जी भाषा बोलतात, तिचे मूळ पाचव्या शतकाच्या सुमारास उत्तर जर्मनी आणि डेन्मार्ककडून तेथे गेलेल्या अँगल आणि सॅक्सन लोकांच्या बोलीत आहे. ग्लॅड हा त्यांच्याबरोबर आलेला शब्द. हजार वर्षांपूर्वीही त्याचा उच्चार जवळजवळ आजच्यासारखाच होता. मात्र त्याचा पहिला अर्थ मनाशी निगडित नव्हता. ग्लॅड म्हणजे चकचकीत, उजळ, तेजस्वी. जुन्या इंग्रजीत सोन्याला, अग्नीला, प्रकाशाला ग्लॅड म्हणत. त्याच शब्दाची जर्मन भाषेतील बहीण आहे ‘ग्लाट’. तिचा अर्थ गुळगुळीत. डच भाषेत तर हेच स्पेलिंग आजही निसरडे या अर्थाने चालते. हॉलंडमध्ये थंडीत रस्त्यावर बर्फाचा थर जमला की तो रस्ता ‘ग्लॅड’ होतो, आणि अशा रस्त्यावरून जाणाऱ्याच्या मनात आनंद सोडून बाकी सर्व काही असते!

चकचकीत वस्तूचे विशेषण मनाला कसे लागले? उत्तर कठीण नाही. मन उजळले की चेहरा उजळतो. ‘तिचा चेहरा खुलला’, ‘तोंडावर तेज आले’ असे आपणही म्हणतो. तसा उजळ चेहऱ्याचा माणूस तो ग्लॅड माणूस. जुन्या इंग्रजी काव्यात राजालाही हे विशेषण लावलेले आढळते. तेथे त्याचा अर्थ कृपाळू, दुसऱ्यावर मेहेरनजर ठेवणारा असा होतो. म्हणजे आधी उजळ, मग आनंदी, मग कृपाळू असा या शब्दाचा प्रवास झाला.

हे वाचताना मला आपल्या ‘प्रसन्न’ या शब्दाची आठवण झाली. प्रसन्न हा संस्कृत ‘सद्’ धातूपासून झालेला शब्द. सद् म्हणजे बसणे, खाली स्थिरावणे. गढूळ पाणी हंड्यात ठेवले, गाळ तळाशी बसला आणि वरचे पाणी नितळ झाले, की ते पाणी प्रसन्न झाले. संस्कृत ग्रंथांत नितळ पाण्याला हे विशेषण खरोखरच लावतात. पुढे तो शब्द मनाला लागला, आणि मग देवाच्या कृपेला. देवी प्रसन्न होते म्हणजे कृपा करते, आणि तिच्या हातचे जे मिळते तो प्रसाद. म्हणजे इकडे गाळ बसून पाणी निवळले आणि तिकडे सोने चकाकले. वाटा निराळ्या, पण दोन्ही शब्द येऊन पोहोचले एकाच मुक्कामी.

आणखी एक नाते सांगते. अनेक भाषाशास्त्रज्ञ ग्लॅड हा शब्द ज्या प्राचीन कुळात घालतात, त्याच कुळातले इंग्रजी गोल्ड आणि यलो, आणि त्याच कुळातले आपले संस्कृत हिरण्य आणि हरिद्रा. हरिद्रा म्हणजे हळद. इतक्या जुन्या नात्यांना कागदाचा पुरावा नसतो, ध्वनींच्या नियमांवरून ती जुळवावी लागतात. तरीसुद्धा आपल्या हळदीकुंकवातील हळद आणि इंग्रज बाईचा ग्लॅड ही दूरची चुलत भावंडे असावीत, ही कल्पना मला फार गोड वाटते.

नावात साधर्म्य आहे म्हणून मात्र सर्वच नातेवाईक मानू नयेत. आपण बाजारातून ग्लॅडिओलसच्या फुलांचे दांडे आणतो. त्या नावाचा या ग्लॅडशी काही संबंध नाही. लॅटिनमध्ये ग्लॅडिअस म्हणजे तरवार. त्या रोपाची पाने तरवारीच्या पात्यासारखी उभी असतात, म्हणून ते नाव पडले. रोमच्या आखाड्यात लढणारा ग्लॅडिएटर याच तरवारीचा. त्याला तेथे ग्लॅड होण्याचे काही कारण नव्हते.

आता या शब्दाचे शेजारी पाहू. 1066 साली फ्रान्समधील नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. दरबारात, न्यायालयात आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत फ्रेंच आली. आपल्याकडे फारसीचे राज्य आले तेव्हा खूश, खुशाल, मर्जी असे शब्द मराठीत शिरले, तसेच तिकडे झाले. जॉय, प्लीज, डिलाइट, कंटेंट, सॅटिस्फाय हे सर्व फ्रेंच-लॅटिन वाटेने आलेले पाहुणे. प्रत्येकाची स्वतःची गंमत आहे. ‘सॅटिस्फाय’मधील सॅटिस म्हणजे पुरेसे. पंगतीत पानावर हात आडवा धरून आपण ‘पुरे, पुरे’ म्हणतो, तो सॅटिस. ‘कंटेंट’ म्हणजे ज्याची धाव आपल्या मर्यादेत सामावलेली आहे असा. ‘डिलाइट’चे स्पेलिंग मुलांना छळते, कारण त्यात ‘लाइट’ म्हणजे उजेड दिसतो. पण उजेडाशी त्याचा संबंध नाही. तो लॅटिनमधील मोह पाडणे या अर्थाच्या शब्दापासून आला. सोळाव्या शतकात लोकांनी ‘लाइट’च्या स्पेलिंगवरून त्यात नको ती दोन अक्षरे घुसडली आणि ती कायम राहिली.

‘प्लीज’ची हकीकत थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. इफ इट प्लीज यू, म्हणजे आपल्या मर्जीस येत असेल तर, हे लांबलचक विनंतीवाक्य झिजत झिजत एका अक्षरावर आले. आपल्या वर्गातल्या भगिनी विचारतात, मराठीत प्लीजला काय म्हणायचे? ‘कृपया’ हा शब्द फलकावरचा. ‘कृपया रांगेत उभे राहावे.’ घरात कोणी ‘कृपया मीठ दे’ म्हटले तर मीठ देणारी चमकून पाहील, की भांडण झाले की काय! आपण म्हणतो, ‘जरा मीठ देतेस का गं?’ आपला प्लीज त्या ‘जरा’मध्ये, त्या ‘का गं’मध्ये आहे. तो शब्दात नाही, सुरात आहे. पुढच्या मुद्द्यासाठी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

हॅपीचे मूळ आणखी वेगळे. स्कँडिनेव्हियाकडून आलेल्या लोकांच्या भाषेत ‘हॅप’ म्हणजे नशीब, योगायोग. त्यावरून हॅपन म्हणजे घडणे, मिसहॅप म्हणजे अपघात, परहॅप्स म्हणजे कदाचित, आणि हॅपी म्हणजे दैवाने ज्याला हात दिला आहे असा, भाग्यवान. सुखी हा अर्थ त्याला नंतर चिकटला. आजही हॅपीमध्ये स्थितीचा अर्थ आहे. हॅपी फॅमिली म्हणजे सुखी कुटुंब, हॅपी चाइल्ड म्हणजे आनंदी स्वभावाचे मूल.

येथेच ग्लॅड आणि हॅपी यांतला मुख्य फरक येतो. हॅपी ही स्थिती आहे, तिला कारण लागतेच असे नाही. ग्लॅडला मात्र कारण लागते. ‘आय ॲम हॅपी’ एवढे म्हणून थांबता येते. ‘आय ॲम ग्लॅड’ एवढेच म्हटले तर समोरचा वाट पाहतो, की कशामुळे? ते कारण आधी बोलून झालेले तरी असले पाहिजे, किंवा पुढे यायला तरी हवे. म्हणूनच इंग्रजीत हॅपी वुमन म्हणतात, पण ग्लॅड वुमन असे सहसा म्हणत नाहीत. ग्लॅड हा शब्द नामाच्या आधी बसत नाही, क्रियापदाच्या नंतर बसतो. ‘ग्लॅड टायडिंग्ज’, म्हणजे शुभवार्ता, असे काही जुने जोडशब्द तेवढे अपवाद. गेल्या शतकात ‘ग्लॅड रॅग्ज’ असा एक गमतीचा शब्दही रूढ झाला. समारंभाला नेसायची ठेवणीतली वस्त्रे, असा त्याचा अर्थ. आज येथे बऱ्याच भगिनी ग्लॅड रॅग्जमध्येच आलेल्या दिसत आहेत!

आता वापराकडे वळते. ग्लॅडच्या मागोमाग कोणता शब्द येतो, यावर त्याचा रंग ठरतो.

पाहुणी दारात आली आणि आपण म्हटले, ‘आय ॲम ग्लॅड यू केम’, तर मराठीत त्याचे भाषांतर ‘आपण आलात याचा मला आनंद झाला’ असे करू नये. ते सभेतले आभारप्रदर्शन झाले. घरातले मराठी आहे, ‘बरं झालं आलात’.

मुलगी रात्री उशिरा घरी पोचली, तिचा फोन आला, आपण म्हटले, ‘आय ॲम ग्लॅड यू आर सेफ’. मराठीत, ‘पोचलीस ना, जीव भांड्यात पडला.’ पाहा, ग्लॅडमध्ये सुटकेचा निःश्वासही आहे. मुलांची परीक्षा संपली, घराची रंगरंगोटी एकदाची आटोपली, अशा वेळी ‘ग्लॅड इट इज ओव्हर’ म्हणतात. त्यात आनंदोत्सव नाही, ‘सुटलो बाई’ हा भाव आहे.

‘ग्लॅड टू’ याला दोन अर्थ आहेत. ‘ग्लॅड टू सी यू’ म्हणजे भेटून बरे वाटले. ‘आय विल बी ग्लॅड टू हेल्प’ म्हणजे मी हौसेने मदत करीन, संकोच करू नका. दुसऱ्या अर्थात भावना कमी आणि तयारी जास्त.

‘ग्लॅड फॉर’ म्हणजे दुसऱ्याचे चांगले झाले म्हणून मला बरे वाटले. जावेच्या मुलीला नोकरी लागली, ‘आय ॲम ग्लॅड फॉर हर’. हे वाक्य इंग्रजीत सोपे आहे. मनापासून म्हणणे मात्र कोणत्याच भाषेत सोपे नाही!

कचेरीच्या पत्रात हाच शब्द वेष पालटतो. ‘वी शॅल बी ग्लॅड इफ यू विल पे द अमाउंट’ असे पत्र आले तर कोणाला तरी फार आनंद होणार आहे असे समजू नये. पैसे भरा, असा तो सौम्य शब्दांतला हुकूम आहे.

परिचयाच्या वेळी ‘प्लीज्ड टू मीट यू’ म्हणावे की ‘ग्लॅड टू मीट यू’, असे वर्गात विचारतात. दोन्ही चालतात. मात्र या साध्या वाक्यावरूनही इंग्लंडमध्ये एके काळी माणसाची पायरी ठरवीत. ॲलन रॉस नावाच्या भाषेच्या प्राध्यापकांनी 1954 साली एक निबंध लिहून उच्च वर्गाच्या आणि इतरांच्या बोलण्यातले फरक नोंदवले. त्यात ‘प्लीज्ड टू मीट यू’ हे म्हणणे खालच्या पायरीचे ठरले होते. वरच्या वर्गातली माणसे नुसते ‘हाउ डू यू डू’ म्हणत. आज हा सोवळेपणा पुष्कळ कमी झाला आहे. तेव्हा आपण कोणाच्याही पायरीची चिंता न करता मोकळेपणाने बोलावे.

एक नाजूक जागा सांगितलीच पाहिजे. दुःखाच्या घरी बोलताना हॅपी आणि ग्लॅड यांतला फरक फार महत्त्वाचा ठरतो. दीर्घ आजारानंतर कोणी गेले, तर आपण म्हणतो, ‘शेवटी हाल झाले नाहीत, एवढं बरं झालं.’ येथे इंग्रजीत ग्लॅड चालतो. हॅपी म्हटले तर ऐकणाऱ्याच्या काळजात चर्र होईल. डोळ्यांत पाणी असतानाही माणूस ग्लॅड असू शकतो, कारण ग्लॅड हा पूर्ण सुखाचा दावा करीत नाही. एवढ्या एका गोष्टीपुरते बरे वाटले, इतकेच तो म्हणतो.

म्हणून माझे म्हणणे असे की, ग्लॅडचा खरा मराठी प्रतिशब्द आनंदी नव्हे, हर्षित नव्हे. तो आहे ‘बरं वाटलं’. आपले ‘बरं’ हेही तसेच अल्पसंतुष्ट आहे. आजारातून उठला तो बरा, जेवण जेमतेम जमले तर बरे, आणि कोणी आठवणीने आले तरीही बरेच! त्याला ढोलताशे लागत नाहीत.

‘ग्लॅड ऑफ’ हा एक प्रयोग मी मुद्दाम मागे ठेवला होता. त्यामागे एक हकीकत आहे. आपल्या वर्गातल्या एका भगिनीच्या अनुमतीने, तिचे नाव न सांगता, ती सांगते.

ही बाई मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने इंग्लंडमध्ये राहून आली. लेक-जावई कामावर जात. बाळ निजले की दुपारी घर खायला उठे. शेजारी एक ऐंशीच्या घरातली इंग्रज बाई एकटी राहत असे. दोघींची गाठ कुंपणापाशी पडू लागली. हिला इंग्रजी बेताचे, तिला मराठीचे नावही ठाऊक नाही. तरी ही दुपारचा चहा आले घालून करी आणि एक कप तिकडे नेऊन देई. ती हिला बागेतल्या फुलांची नावे सांगे. असे पाच-सहा महिने चालले. परत यायच्या दिवशी त्या म्हाताऱ्या बाईने हिचे दोन्ही हात हातात धरले आणि म्हणाली, “आय हॅव बीन ग्लॅड ऑफ युवर कंपनी.”

ही परत आल्यावर वर्गात मला विचारती झाली, “बाई, ग्लॅड कळलं. पण मध्ये तो ‘ऑफ’ कशाला?”

मी सांगितले, “नुसती ग्लॅड म्हणजे बरं वाटलं. ग्लॅड ऑफ म्हणजे मला गरज होती आणि ती भागली. कडाक्याच्या थंडीत कोणी कोट दिला, तर माणूस ‘ग्लॅड ऑफ द कोट’ असतो. तुमच्या सोबतीची त्यांना तशी गरज होती. तुमचा आधार वाटला, असं त्या म्हणाल्या.”

ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “लग्नाला चाळीस वर्षं झाली. घरात कोणी वाईट वागवलं असं नाही. पण तू आहेस म्हणून बरं वाटतं, हे मला पहिल्यांदा कोणी म्हटलं, ते परक्या मुलखात, परक्या भाषेत. आणि तेही मला तेव्हा कळलं नाही.”

भगिनींनो, त्या दुपारी वर्गात पुढचा पाठ झाला नाही. एकीने विचारले, “पण आपण तरी कोणाला म्हणतो का?” मग एकेक जण बोलू लागली. कोणी म्हणाली, सासूबाई गेल्यावर कळले की त्या अंगणात बसलेल्या असायच्या तेच बरे वाटायचे, पण त्यांना कधी सांगितले नाही. कोणी म्हणाली, सून कचेरीतून आली की घर भरल्यासारखे वाटते, पण तोंडातून मात्र निघते, ‘आज उशीर झाला!’ पोळीवाल्या बाई वर्षानुवर्षे घरात येतात, त्या न आल्या तर बोलणे होते, आल्या तर काहीच होत नाही.

आपल्याकडे याचे समर्थन असे करतात, की आपली माणसे बोलून दाखवीत नाहीत, त्यांच्या मनात असते. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. मघाशी प्लीजविषयी मी म्हटलेच, की आपली विनंती शब्दात नसून सुरात असते. माया वाटीभर जास्त आमटीत असते, राखून ठेवलेल्या लाडवात असते. हे सर्व खरे. परंतु नापसंती मात्र आपण सुरावर सोडत नाही. मीठ जास्त पडले तर ते स्पष्ट शब्दांत सांगतो. मग बरे वाटले तेवढेच का मनात राहावे?

याची दुसरी बाजूही सांगणे भाग आहे. नाहीतर व्याख्यान ऐकून आपण समजाल, की बायकांनी सदा हसतमुख राहावे असा उपदेश करायला मी उभी आहे.

1913 साली अमेरिकेत एलिनॉर पोर्टर या लेखिकेची ‘पॉलिअ‍ॅना’ नावाची कादंबरी निघाली. तिची नायिका अकरा वर्षांची पोरकी मुलगी. वडील धर्मोपदेशक आणि गरीब. तिला बाहुली हवी होती, पण धर्मादाय सामानाच्या पिंपातून निघाल्या कुबड्या. वडिलांनी तिला एक खेळ शिकवला. प्रत्येक गोष्टीत ग्लॅड होण्याजोगे काहीतरी शोधायचे. कुबड्यांत काय शोधायचे? आपल्याला त्यांची गरज नाही, याबद्दल ग्लॅड व्हायचे! वडील गेल्यावर ही मुलगी कडक स्वभावाच्या मावशीकडे येते आणि साऱ्या गावाला हा ‘ग्लॅड गेम’ शिकवते. पुस्तक इतके खपले, की पॉलिअ‍ॅना हा शब्दच इंग्रजी कोशात गेला. पण त्याचा अर्थ काय झाला? वस्तुस्थितीकडे डोळेझाक करून उगाच आशावादी राहणारी व्यक्ती, असा काहीसा थट्टेचा.

ही थट्टा अगदीच अकारण नाही. पावसात छप्पर गळत असताना, भांडी तरी धुऊन निघाली म्हणून ग्लॅड व्हा, असे बाईला सांगणे म्हणजे छप्पर दुरुस्त न करण्याची सबब. विवाहाच्या जाहिरातींत ‘हसतमुख’ मुलगी मागतात. तिला हसायला कारण काय देणार, ते त्या जाहिरातीत नसते. ग्लॅडला कारण लागते, हे मी मघाशी व्याकरण म्हणून सांगितले. ते नुसते व्याकरण नाही. कारण नसताना उजळ चेहरा ठेवण्याची सक्ती करू नये, आणि कोणी केली तर ती मानू नये. दुखत असेल तर दुखते म्हणावे.

पण त्या कादंबरीचा उत्तरार्ध थट्टा करणारे विसरतात. पुढे त्या मुलीला मोटारीचा धक्का लागतो आणि तिचे पाय निकामी होतात. तिला स्वतःला तो खेळ खेळता येत नाही. ग्लॅड होण्याजोगे तिला काही सापडत नाही. तेव्हा गावातली माणसे एकामागून एक मावशीच्या दारी येतात आणि निरोप ठेवतात, की तुझ्यामुळे आमचे अमुक बरे झाले, तुझ्यामुळे आम्हाला तमुक सुचले. त्या निरोपांनी तिला पुन्हा धीर येतो. म्हणजे संकटात तिला तारले ते तिच्या हसण्याने नव्हे, तर इतरांनी येऊन सांगितल्याने. लोकांनी मनातले मनातच ठेवले असते, तर तो निरोप तिच्यापर्यंत पोचला नसता. मला त्या पुस्तकात एवढा भाग फार मोलाचा वाटतो.

तात्पर्य, ग्लॅड हा दुसऱ्याकडून वसूल करायचा शब्द नाही, आपण द्यायचा शब्द आहे. आणि तो देण्यासाठी इंग्रजी येण्याची आवश्यकता नाही. आपल्या भाषेत तो तयार आहे, फक्त वापर कमी आहे. माझी सूचना अगदी लहान आहे. नुसते ‘छान’ म्हणू नये, मोबाइलवर नुसते हसरे तोंड पाठवून मोकळे होऊ नये. कारण सांगावे. ‘तू फोन केलास, बरं वाटलं.’ ‘तुम्ही दवाखान्यात बरोबर आलात, आधार वाटला.’ ‘आज भाकरी तुझ्या आईच्या हातची वाटली, बरं वाटलं.’ असे एक वाक्य दिवसातून एकदा, घरातल्या एका माणसाला. प्रथम जीभ अडखळेल. ऐकणाराही विचारील, आज काय झाले हिला? विचारू द्यावे.

हे बायकांनी फक्त बायकांना सांगावे असेही नाही. निवृत्त होऊन घरी बसलेल्या नवऱ्यालाही कोणी म्हटलेले नसते, की तुम्ही दुपारी घरी असता, बरे वाटते. ते खरे नसेल तर अर्थात म्हणू नये!

मंडळाला आणखी एक वर्ष पुरे झाले. या खोलीची झाडलोट करणाऱ्या, खुर्च्या मांडणाऱ्या, वर्गणीसाठी दारोदार फिरून वेळप्रसंगी चार शब्द ऐकून घेणाऱ्या भगिनींची नावे अहवालात छापली जातातच. पण अहवालातले ‘आभार’ हे कचेरीच्या पत्रातल्या ग्लॅडसारखे असतात. म्हणून ते बाजूला ठेवून साध्या शब्दांत सांगते. तुम्ही हे मंडळ चालवता, दर बुधवारी दुपारी यायला आम्हाला एक जागा आहे, याचा आम्हाला फार आधार वाटतो.

आपण सर्वांनी एवढा वेळ एका शब्दासाठी शांतपणे बसून ऐकले, मला बरे वाटले.